वाजिवनारा गेला, पान ऱ्हायलं

माझं माहेर पाटणकडलं, पार वर डोंगरात, कोयनंच्या अंगाला, तिथं घरापुढनं ढग जायाचं आन घरात चुलीचा जाळ कायम, मला वाजवायचं-गायचं म्हंजी काय असतंय ह्ये काय बी ठावं न्हवतं. देवळात एक ढोल हुता, त्यो जत्रंला खाली काढायचा आन परत वर टांगायचा, तेवढाच काय त्यो आवाज. आन माझं लगीन झालं हिकडं पलूसच्या अंगाला, सपाटीवर, उसात, आन त्ये बी अशा घरात की जिथं सकाळधरनं दिस मावळंपतोर कोन ना कोन वाजवूनच बगतंय. काय सांगू तुमास्नी, पयल्याच दिवशी मी सासूला इचारलं, आत्याबाई, आज शेजारी कुनाचं लगीन हाय का वो? तर ती जी हासाय लागली ती थांबंना, म्हनली, आगं लगीन कुठलं, ह्यो आपला धंदा हाय.

धंदा म्हंजी वाद्यं मढवायचा. ढोलकी, तबला, मृदंग, संबळ, हलगी, धनगराचा ढोल, ज्येला ज्येला म्हनून कातडं लागतंय त्ये समदं आमच्या दारात यायाचं. कातडं कमवायचं, भिजवायचं, कड्यावर वढून वढून बसवायचं, त्येला आमी पान म्हनतो. गडीमानसांनी पान वढायचं, आन त्या पानावर मधी ती काळी टिकली असती न्हवं, ती शाई, ती बायांनी भरायची. लोखंडाचा भुगा आन शिजवलेल्या भाताची खळ, एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचा, परत थर, परत घोटायचं, उठायची घाई करायची न्हाई. आमचं मामंजी, म्हंजी माझं सासरं, त्येंनी माझा हात बगितला आन म्हनलं, ह्या पोरीच्या हाताला गडबड न्हाई, हिला दगड द्या. त्योच ह्यो दगड बगा, किस्नामाईतला हाय, आता माझ्या तळहातात असा बसतोय की न्हाई, घिऊन बगा, तुमच्या हातात न्हाई बसायचा.

पयली शाई मी भरली आन मामंजींनी मला म्हनलं, मार आता बोट. मी मारलं. आन भ्याले की वो मी! एका शेरडाचं कातडं, त्येच्यावर भाताची खळ आन लोखंडाचा भुगा, ह्येच्यात आवाज कुठं हुता? मेलेल्या जनावराचं कातडं, आन मानूस गुनगुनल्यावानी गुनगुनलं. येवढी वरसं झाली, केस पिकलं, पर खरं सांगते, पान सुरात आलं की आजबी अंगावर काटा येतोय. बाकी आमच्या घरातल्या बाया वाजवत न्हाईत. आमी फकस्त एक बोट मारायचं, सूर लागला का बगायला. वाजवायचं त्येंनी.

आन वाजिवनारी मानसं कशी म्हनता! आमच्या आंगनात कोन आलं न्हाई? तमाशातलं आलं, भजनातलं आलं, सांगली-मिरजंच्या बैठकीतलं आलं, बँडातलं आलं, धनगरं आली घोंगडं पांघरून. त्येंचं एकमेकाशी कवा पटायचं न्हाई, भजनवाल्याला तमाशावाला नको, बैठकीवाल्याला बँडवाला नको, पर आमच्या दारात समदी एकाच पटकुरावर बसायची आन एकमेकाचं कान दिऊन ऐकायची. त्येंच्यातली तीन मानसं, तीनी तीन गावची, तीनी तीन रंगाची, ती वरीसभरात गेली. त्येंचंच सांगते तुमास्नी. बाकीचं मंग कवातरी.

एक भूपाल आण्णा. जैनाचं घर, द्राक्षाची बाग, बोलनं असं मऊ. तबला वाजवायचं. त्येंच्या गावच्या बस्तीत, म्हंजी त्येंच्या देवळात, चामडं आत न्यायचं न्हाई, तर आण्णा भाईर पायरीवर बसून वाजवायचं आन आत भजन चालायचं, आतली मानसं म्हनायची देव आत हाय का पायरीवर हाय तेच कळंना. आण्णांचं एकच म्हननं, हिराबाई, माज्या तबल्याला कापलेल्या जनावराचं कातडं नको, आपल्या मरनानं मेलेलं पायजे. आता आलं का! मंग आमचं मालक धनगराच्या वाड्यावर जाऊन सांगून यायचं, बाबांनो, म्हातारं शेरडू मेलं तर सांगावा धाडा. कवा कवा आण्णा वरीस-वरीस वाट बगायचं. आन ज्या दिवशी आमी नवं पान चढवू त्या दिवशी आण्णांचा उपास. त्या शेरडाचा उपास वो! म्हनायचं, त्येनं जल्मभर पाला खाल्ला आन जाताना मला आवाज दिला, एक दिस उपाशी ऱ्हायलो तर काय बिघडलं?  

दुसरा म्हादू गोंधळी. संबळ वाजवायचा. तुमी ऐकलं न्हाई त्येचं, तुमचं नशीब फुटकं. संबळ म्हंजी देवीचं, त्येनं कवा जमिनीला टेकवलं न्हाई. आमच्या दारात आला की उभाच, मी घोंगडं हाथरलं की मंग त्येच्यावर संबळ, आन सोता मातीत. मी म्हनायची, म्हादूदादा, आवं तुमी बी बसा की घोंगड्यावर, तर म्हनायचा, न्हाई बया, ती धनीन हाय, मी गडी. बारीक अंगाचा मानूस, वाऱ्यानं उडंल असा, आन संबळावर काठी पडली की आमच्या गोठ्यातली म्हस कान उभं करायची, पोरं खेळायची थांबायची, वरच्या आळीतली मानसं दारात यायची. त्या येवढ्याशा हातात त्ये येतंय कुठनं, मला जल्मभर उमगलं न्हाई.

आन तिसरा शंकरतात्या. ढोलकीवाला. तमाशाच्या फडात जल्म गेला त्येचा. आमच्या मालकांचा दोस्त, म्हनून मला वैनी म्हनायचा. आता ह्या मानसाचं काय सांगू आन किती सांगू. त्यो आला की पयली दारात ढोलकी बोलायची, मंग त्यो. त्या धुम्म बाजूवर तळहात असा घासायचा आन शाईवर बोटं नाचवायचा की ढोलकी सरळ सरळ म्हनायची, वैनी, च्या टाका! आमची सून नवी आल्ती तवा ती खरंच दचकून उठली आन आधन ठेवलं. तात्याचं मधलं बोट जरा वाकडं हुतं, कवातरी ट्रकच्या फाळक्यात सापडल्यालं, त्यामुळं त्ये शाईच्या मधी न पडता जरासं बाजूला पडायचं, आन तिथंच त्येचा सगळा आवाज. तसला आवाज मी दुसऱ्या कुनाचा ऐकला न्हाई. पोरांनी लय परयत्न केलं, सरळ बोटांनी न्हाई आलं कुनाला.

आता बगा, शाई झिजती. ज्येचं बोट जिथं पडतंय तिथं झिजती. मला पानं दाखवा, मी मानूस सांगते. आण्णांच्या तबल्यावर झीज अशी एकसारखी, भाकरीवर हात फिरवल्यावानी. म्हादूच्या संबळाला मधीच एक चांदनी पडल्याली, काठीच्या टोकानं. आन तात्याच्या ढोलकीवर बाजूला एक खळगा, त्या वाकड्या बोटाचा, आन त्येच्या शेजारी दुसऱ्या बोटांचं बारकं बारकं. मी म्हनायची, तात्या, पान झिजलंय, बदला की आता, तर म्हनायचा, वैनी, बायकू बदलंन पर ह्ये पान न्हाई. बायको हितं ऐकाय न्हवती म्हनून बोलायचा, न्हाईतर काय टाप हुती.

आन आमच्या घराची एक रीत हाय. मामंजींपासनं, त्येंच्या आज्यापासनं. वाजिवनारा गेला की त्येच्या घरच्यांनी वाद्य आमच्याकडं आनायचं. आमी दोरी सैल करायची, पान ढिलं सोडायचं, तेराव्यापतोर त्येनं आवाज काढायचा न्हाई. मंग त्ये जुनं पान उतरवायचं आन किस्नामाईत सोडायचं, आन नवं पान चढवून वाद्य पोराला न्हाईतर चेल्याला द्यायचं. मामंजी म्हनायचं, वाजिवनारा गेला की पान बी त्येच्यासंगं धाडायचं, न्हाईतर त्येचा जीव हात हुडकत फिरतोय. ही रीत कवा मोडली न्हाई आमी.

पयलं आण्णा गेलं. दुखनं झालं आन गेलं, शांतपनी, घरच्या मानसांत. मंग पावसाळ्यात म्हादू, पहाटं देवीच्या म्होरं बसला त्यो बसूनच, घरच्यास्नी वाटलं जप चाललाय. आन हिवाळ्यात तात्या, त्यो तर जेवता जेवता, हासता हासता. मालकांनी तीन दिवस तोंडात घास घातला न्हाई. त्येंच्या हाताला आता वात हाय, बोटं मिटत न्हाईत नीट, धंदा पोरगाच बगतोय, पर त्या तिघांची दोरी मालकांनी सोता सैल केली, कुनाला हात लावू दिला न्हाई.

तेरावं झालं तरी पानं आमी लगीच उतरवली न्हाईत. खरं सांगू? मनच हुईना. रोजचं दुसरं काम निघायचं, आज करू, उद्या करू, तीनी वाद्यं अशी भितीला लावून ठेवल्याली, ढिली, मुकी. येता-जाता मी बगायची. मंग उन्हाळ्याच्या तोंडाला पलूसची मानसं आली, एक हायस्कुलातलं सर हुतं, भली मानसं, म्हनली, हिराबाई, वरीसभरात आपल्या भागातलं येवढं मोठं वाजिवनारं गेलं, त्येंच्या आठवनीचा एक कार्यक्रम करतोय, समद्यांनी एका जाग्यावर, भजनवालं, तमाशावालं, गोंधळी, बैठकीवालं, कवा झालं न्हाई असं. त्येंचीच वाद्यं, त्येंचीच पोरं वाजवनार. तेवढी नवी पानं चढवून द्या. मला लय बरं वाटलं. मालकास्नी तर रडूच आलं, म्हनलं, ज्ये आमच्या आंगनात हुयाचं त्ये आता गावाम्होरं हुईल.

मंग आण्णांचं पान उतरवलं. त्येंच्या लेकानं कवा तबल्याला हात लावला न्हाई, बागच बगतोय त्यो, पर त्या दिवशी त्यो आला, सकाळधरनं काय खाल्लं न्हवतं, म्हनला, आण्णा धरायचं म्हनून आज मी बी उपास धरलाय. आमच्यात कुनी त्येला सांगितलं न्हवतं वो. नवं पान आपल्या मरनानं मेलेल्या शेरडाचंच, वाड्यावरनं आलेलं. म्हादूच्या संबळाचं उतरवलं त्येच्या पुतन्याम्होरं, घोंगडं हाथरून. दोनी पानं किस्नामाईत सोडली, भिलवडीच्या घाटावर, मालक आन मी. पान्यावर जरा वेळ तरंगली आन गेली. मालक म्हनलं, आता तात्याचं.

आन तात्याचं उतरवायचं त्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. त्यातनं एक म्हातारी उतरली, काठी टेकत, संगं तिची भाची. डोईवर पदर, कपाळावर येवढं कुकू, आन वय झालं तरी उभं ऱ्हानं असं की आपन आपसूक बाजूला सरावं. मालकांनी वळखलं. म्हनलं, सुभद्राआक्का!

सुभद्राआक्का म्हंजी तात्याच्या फडातली गानारी. नाचायची बी. सारं आयुक्ष तात्याच्या ढोलकीवर गेलं तिचं. लगीन तिनं केलं न्हाई, तात्याचं घरदार, बायको-पोरं हिकडं, त्येच्यात तिनं कवा पाय घातला न्हाई, आन तात्यानं बी कवा तिच्याबद्दल वेडंवाकडं ऐकून घेतलं न्हाई कुनाकडनं. मानसं काय बी म्हनत्यात, म्हनू द्या. मला येवढंच ठावं हाय की तात्या म्हनायचा, वैनी, मी वाजवत न्हाई, तिचं पाऊल वाजवतंय, मी फकस्त मागनं चालतोय. आता ती लोणंदला भाचीकडं असती. तात्या गेला तवा तिला कुनी सांगितलं न्हाई, कोन सांगनार, कुठल्या नात्यानं? मागनं कळलं. आली हुती म्हने दहाव्याला, घाटापासनं लांब, उसाच्या कडंला उभी ऱ्हायली आन तशीच माघारी गेली.

ती आत आली, बसली, पानी प्याली. म्हनली, बाय, भाचीनं मोबायलात कार्यक्रमाचं दाखवलं, नवं पान चढवनार म्हनून वाचलं. तुमच्या घरची रीत मला ठावं हाय, शंकरनं सांगितल्याली. म्हंजी जुनं पान जानार. म्हनून आले. ती ढोलकी एकदा ऐकायची हाय मला. त्येच्या पानाची. येकदाच. मंग काय करायचं त्ये करा.

मी मालकांकडं बगितलं. मालक खाली बगाय लागलं. आवं, कशी ऐकवायची? वाजिवनाराच न्हाई. आमचं पोरगं पान वढतंय, त्येला वाजवता येत न्हाई. तात्याचा दत्ता, त्येचा लेक, त्यो वाजवतोय, पर त्येला बोलवायचं तर तिथं घरात काय सांगायचं, आक्काला ऐकवायची म्हनून? आन वरनं मालकांचं म्हननं, गेलेल्या मानसाचं पान आमच्या घरात वाजत न्हाई, कवा वाजलं न्हाई, त्येला तरास हुईल. आक्का नुसती त्या भितीला लावल्याल्या ढोलकीकडं बगत बसली. जवळ बी गेली न्हाई, हात बी लावला न्हाई. म्हनली, बरं, मंग मी हिथंच जरा बसते, गाडीला येळ हाय.

त्ये तिचं बसनं मला बगवंना. मी मालकास्नी म्हनलं, आवं, मामंजी काय म्हनायचं, त्येचा जीव हात हुडकत फिरतोय. मंग हितं कोन आलंय बगा की. त्यो जिला हुडकत आसंल ती हितंच आलीया. मालक माझ्याकडं बगत ऱ्हायलं. मंग उठलं, ढोलकी घेतली, मांडीवर आडवी धरली आन दोरी वढाय लागलं. आमचं पोरगं म्हनलं, द्या हिकडं, तर त्येच्यावर खेकसलं. त्या वाताच्या बोटांनी, दातवट खाऊन, एकेक कडी सरकवत, घाम फुटला त्येंच्या कपाळाला. मंग मी ढोलकी आंगनात उनात ठेवली, पान तापाय पायजे, थंड पान बोलत न्हाई. आमी समदी उन्हाकडं बगत बसलो. पान तापत गेलं तसं बारीक बारीक आवाज करत घट्ट हुत गेलं, म्हातारं मानूस उठताना हाडं वाजत्यात तसं.

आता वाजवायचं कोन? आक्कानं माझ्याकडं बगितलं. म्हनली, शाई कुनी भरली हुती? म्हनलं, मी. म्हनली, मंग तूच मार. म्हनलं, आक्का, मी एक बोट मारते फकस्त, सूर बगायला, मला वाजवाय येत न्हाई, आमच्या बाया वाजवत न्हाईत. तर ती म्हनली, त्येची बोटं हायत की त्येच्यावर. तू आपली त्यात ठेव.

काय सांगू तुमास्नी.  म्यां ढोलकी म्होरं घेतली, आन त्यो खळगा हुता न्हवं, वाकड्या बोटाचा, त्येच्यात माझं बोट ठेवलं. आन बाकीची त्या बारक्या बारक्या झिजलेल्या जाग्यावर. बसली की वो! मी भरल्याली शाई, मी घोटल्याली, आन त्येनं वाजवून वाजवून त्येच्यात सोताचा हात कोरून ठेवला हुता. मी हळूच मारलं. एकच. मंग त्येच्या शेजारी. मंग परत वाकड्या बोटावर. आन तात्या आला! न्हाई, हासू नका, तुमी ल्हिवताय म्हनून जपून सांगते, पर त्यो आवाज त्येचाच हुता, त्यो बाजूचा, भरदार, दारातनं आत येनारा. मी काय वाजवत हुते मला ठावं न्हाई, ताल न्हाई, काय न्हाई, हात आपला त्या खळग्यातनं खळग्यात जात हुता, जशी पायवाट असली की अंधारात बी पाय जातोय तसा. मालक भितीला टेकून डोळं मिटून बसलं. म्हस सुदीक गप.

आन आक्का. आक्कानं आधी काय केलं न्हाई. मंग तिचा उजवा पाय, सुजल्याला, गुडघा गेल्याला, त्यो जमिनीवर हलला. नुसती टाच उचलली आन टेकवली. मी चुकत हुते, आन ती माझी चूक पावलात धरून सावरत हुती! मी मागं पडले की ती थांबायची, मी घाई केली की ती दाबायची. तात्या म्हनायचा न्हवं, मी तिच्या पावामागनं चालतोय, तशीच मी चालले. जराशानं हात आपसूक तिच्या पावाबरोबर पडाय लागला. म्या जल्मात पयल्यांदा वाजवलं, आन त्ये बी कुनाच्या पावावर! मग ती थांबली, तसा माझा बी हात थांबला. आंगनात मानसं उभी हुती, कवा आली कळलंच न्हाई.

मालकांनी डोळं उघडलं आन म्हनलं, आक्का, ह्ये पान तुमी न्या. नदीत न्हाई सोडत मी. आक्कानं मान हलवली. म्हनली, न्हाई दादा, मी नेऊन कुठं ठेवू, मी भाचीच्या घरात, माझं काय. आन त्येच्या घरच्यांचं त्ये. रीत मोडू नका. फकस्त माझं येवढं करा, मी हाय तवर असू द्या हितंच. मी गेले की सांगावा यील, मंग सोडा. संगट जाऊ.

मंग आमी दोरी सोडली, पान कड्यासकट उतरवलं, आन त्या समोरच्या खुंटीला टांगलं. त्येच ह्ये. न्हाई, हात लावा की, काय हुत न्हाई. ह्यो बगा खळगा. घाला बोट.

दत्ताला मी खरं सांगितलं सगळं. त्येच्यापासनं लपवून कसं चालंल, बापाचं पान हाय त्येच्या. त्यो म्हनला, काकू, आईला मी सांगतो. आन त्येच्या आईनं काय म्हनलं ठावं हाय का? म्हनली, खुंटीला चांगलं बांधा, मांजर नेईल.

कार्यक्रम लय मोठा झाला. पायरीवर बसनाऱ्या आण्णांचा तबला स्टेजवर, त्येच्या शेजारी संबळ घोंगड्यावर, आन मधी ढोलकी. भजनवाल्यानं अभंग घेतला त्येला ढोलकीनं साथ दिली, गोंधळ्यानं देवीचं म्हनलं त्येला तबला. असलं आमच्या आंगनात व्हायचं, स्टेजवर मी पयल्यांदाच बगितलं. आण्णांचा लेक म्होरं बसून डोळं पुसत हुता. दत्ताचा हात आधी बिचकला, नवं पान कडक असतंय, आवाज जरा कोरडा.  माझ्या शेजारी आक्का बसल्याली, सरांनी गाडी धाडून आनली हुती तिला, पयल्या रांगंत, आन रांगंच्या त्या टोकाला तात्याची बायको. मी आक्काच्या कानाशी गेले, म्हनलं, आक्का, त्ये न्हाई आलं न्हवं? तशी म्हनली, यील बाय. पान नवं हाय. बसंल त्येच्या हाताला. आन टाच उचलून टेकवाय लागली, पोराला दिसंल अशी. दत्तानं बगितलं. मंग जी ढोलकी सुटली! तात्यावानी न्हाई. दत्तावानी. आवं त्येच मला लय वाटलं, की तात्यावानी न्हाई आन तरीबी अंगावर काटा.

आता आमचं काय, वय झालं. आक्काचा दर आयतवारी फोन येतोय. दुसरं काय बोलत न्हाई, इचारती, हाय का गं? मी म्हनते, हाय. म्हनती, बरं, आन ठेवती. मी देवाला म्हनते, तिला उदंड आयुक्ष दे, आन मंग ध्यानात येतंय की तिला द्यायचं म्हंजी मला बी द्याय लागंल, पान सोडायला मी ऱ्हायला पायजे न्हवं! मालक म्हनत्यात, तुला काय मरान येत न्हाई मंग. म्हनलं, न्हाई येत, तुमी बी थांबा, दोरी कोन सोडनार.

उन्हाळ्यात दुपारचा वारा सुटला की त्ये पान खुंटीवर हलतंय आन भितीवर आपटतंय, टक टक, टक. मालक खाटंवर पडल्या पडल्या म्हनत्यात, हिरा, तात्या आला बग. मी म्हनते, ऐकलं मी, च्याच टाकलाय.